ठिपका

बाबलदादाच्या बोटात सुई शिरत नाही,
तीस वर्षं दोर ओढून घट्टे पडलेत.
शेवटी अनामिकेच्या कडेला मऊ जागा सापडली.
सकाळच्या गोळीआधी, एकच थेंब.
कार्डावरचं वर्तुळ भरलं पाहिजे,
ओघळता कामा नये, सिस्टरने बजावलंय.

मग तीन तास सावलीत सुकवायचं.
देवगडच्या या दमट, खाऱ्या हवेत!
अंगणात बोंबील वाळताहेत,
फडताळावर हा ठिपका,
आणि मी दोन्हीकडच्या मुंग्या हाकतेय.

उद्या पाकीट पोस्टात.
आठवड्याने फोनवर एक आकडा:
गोळी वाढवा, नाहीतर अर्धी करा.
दादा विचारतो, "एवढ्याशा रक्तात काय दिसतं गो?"
मी बोंबील उलटते.

किडनी माझी.
दिल्या घरी नांदतेय ना,
एवढंच पुण्याहून कळायचं असतं.