चौदा सह्या

लाहतीच्या तळ्यावर बर्फ धरला की
आमचे काटे जरा जड दाखवतात,
असं ताउनो म्हणायचा. खोटं होतं ते.
पण एकतीस वर्षं त्याची सही हिरव्या पेन्सिलीत होती,
म्हणून कुणी तोलून पाहिलं नाही.

आम्ही काटे बनवतो. सोनारांचे नव्हे, बाळांचे.
सुईणी ज्यावर ठेवतात
नुकतं रडायला शिकलेलं, उघडं माणूस.
नवा काटा दाराबाहेर पडायला चौदा सह्या लागत,
आणि तळमजल्यावर मी त्या सह्यांचा रखवालदार:
राखाडी फोल्डर, शिक्का, निवत चाललेली कॉफी.

मग आइरा लेहतोला आली, विकास विभागाची नवी प्रमुख.
पहिल्या सभेत तिनं पडद्यावर काही दाखवलंच नाही.
बसली नुसती, हातमोजे मांडीवर ठेवून,
आणि विचारलं, "मागचा काटा किती दिवसांत झाला?"
सगळे एकमेकांच्या तोंडाकडे.
ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवणारी माणसं आम्ही,
दिवसांचा हिशेब कुणाकडे नव्हता.

माझ्याकडे होता.

फोल्डरच्या पाठीवर, माझ्यापुरता, बारीक अक्षरात:
कुठल्या टेबलावर किती मुक्काम.
खरेदी खातं अठरा दिवस. वकील बावीस.
ताउनोचा खण एकशे सहा.
एकूण चारशे अकरा, त्यात काम सदतीस दिवसांचं,
बाकी नुसती वाट.
ती खाली आली तेव्हा मी फोल्डर उलटा करून पुढे सरकवला
आणि सरकवताक्षणी कळलं,
आपल्याच खुर्चीचा पाय आपण कापून दिलाय.

तिनं शाब्बास म्हटलं नाही.
म्हणाली, "हे दुखणार आहे. तुम्हालाही."

मार्चमध्ये सहाजण एका टेबलाशी आले,
आणि मधोमध अर्धा काटा, तारा लोंबत असलेला.
तो तसाच घेऊन ती प्रसूतिगृहाकडे निघाली.
ताउनो भडकला: "कच्चं पीठ कुणी पानात वाढतं का?"
तरी आला. स्वतःच्या गाडीनं.
मागे उभा राहिला, कोट न काढता.

हेल्का नावाच्या सुईणीनं बाळ ठेवलं.
बाळानं लाथा झाडल्या, आकडे उड्या मारू लागले.
तिनं आकड्यांकडे पाहिलंच नाही,
हात बाळावर अधांतरी धरून छातीकडे पाहत राहिली.
"श्वास सोडून ते निवांत झालं की मी वाचते," ती म्हणाली,
"पण तुमचा काटा तेवढ्यात विझतो."

कुणी बोललं नाही.
ताउनोनं खिशातून हिरवी पेन्सिल काढली,
कॉफीच्या कागदी रुमालावर लिहिलं:
सहा सेकंद नको. वीस.
खाली सही करायला विसरला.

तो रुमाल मी अजून जपून ठेवलाय,
नियमात बसत नाही तरी.

सगळं गोड झालं असं नाही.
रउली चिडून दुसऱ्या कंपनीत गेला, दोन हुशार पोरं घेऊन.
वीस सेकंदांनी बॅटऱ्या खाल्ल्या,
पहिले तीनशे काटे परत आले.
खोकी दारात रचलेली असताना आइरा त्यांच्यासमोर उभी राहिली:
"घाई माझी होती."
एवढंच. त्या दिवसापासून
लोक चुका खणात ठेवेनासे झाले. बरेचसे.

आता तीन सह्या लागतात.
माझं कपाट रिकामं, दार उघडलं की पत्रा वाजतो.
गुरुवारी मी हेल्काकडे जाऊन बसतो,
कुठली सुईण किती थांबते ते वहीत टिपतो.
अठ्ठावन्नाव्या वर्षी बाळांचे श्वास मोजतोय.
बायको हसते.

ताउनो निवृत्त झाला. परवा मासळीबाजारात भेटला.
"आता किती?"
"तीन."
"फार कमी," तो म्हणाला,
आणि मासेवाल्याच्या काट्याकडे रोखून पाहत राहिला,
आकडा थांबेपर्यंत.