मागे कोणीतरी उभं हवं

ही चावी. ही दुसरी, गॅसच्या कप्प्याची,
तिला लाल लोकर बांधली आहे, सोडू नकोस.
अंधारात डोळ्यांना नाही, बोटांना कळावं लागतं.

किलोमीटर काय बघतोस, घुले?
वर चढ. छताचा सांधा बघ.
दर मे महिन्यात तिथे सीलंट भरायचो,
शिडी धरायला मी, वर कुसुम.
टेलिफोन एक्स्चेंजात अठ्ठावीस वर्षं
तारा जोडत बसलेली बाई,
तिला पाण्याची वाट पाण्याच्या आधी दिसायची.

टायर नवे दिसतात. दिसण्यावर जाऊ नकोस.
पळून झिजतात त्याहून ते उभे राहून तडकतात.
बाजूवर चार आकडे आहेत, त्यांत त्यांचा जन्म.
कात्रजचा घाट उतरताना दुसऱ्या गिअरात ये,
ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस.
मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत.
पुण्यात हॉर्नला उत्तर द्यायची पद्धत नाही.

या बाभळीच्या दोन पाचरी, धायरीच्या सुताराच्या.
हँडब्रेक म्हणजे तोंडी कबुली,
पाचर म्हणजे स्टँपपेपर.
ही फळी कुसुमच्या जुन्या पलंगाची.
ओट्यावर पेला भरून ठेवायचा,
पाणी ज्या अंगाला झुकेल
त्या अंगाच्या चाकाखाली फळी.

धरणाचं पाणी लांब दिसतं म्हणून खाली उतरशील.
वेल्ह्याकडे एका गुराख्यानं
काठीनं मातीत रेघ ओढून दाखवली होती,
"हितवर येतंय, मावशी."
आम्ही रेघेच्या वर गेलो.
सकाळी रेघ नव्हती.

आता फोन खिशात टाक.

पानशेतच्या अलीकडे, जानेवारी.
थंडी अशी की चहा कपातच निवायचा.
विझत आलेली शेगडी आम्ही आत घेतली.
धूर नव्हता, म्हणूनच घेतली.
काचा लावल्या, पडदे ओढले.
कुसुम म्हणाली, डोकं दुखतंय.
मी म्हटलं, तुझं नेहमीचंच.
तीनला मला लघवीला जायचं होतं
आणि पाय माझे नव्हते.
दार कसं उघडलं, आठवत नाही.
तिला बगलेत धरून ओढलं.
गवतात दोघी ओकलो, कितीतरी वेळ,
आणि मग ती म्हणाली,
"तुझ्या डायबेटिसला उद्या पेढे वाटते."

तर शेगडी बाहेर. विझलेलीसुद्धा बाहेर.
खिडकी दोन बोटं उघडी, दात वाजले तरी.
दाराजवळचं ते पांढरं यंत्र
आम्ही त्यानंतर बसवलं, म्हणजे उशिरा.
त्याची बॅटरी पाडव्याला बदल, तारीख चिकटव.
सिलिंडरच्या नळीला साबणाचा फेस लावून बघ,
बुडबुडा आला तर काडी ओढायची नाही,
नॉब बंद, दार उघडं, आधी बाहेर.
कड्याला आग्या मोहोळ असेल तिथे चूल नाही,
कुसुम तर उदबत्तीही लावू द्यायची नाही.
आणि गाडी महिनाभर उभी राहिली
तर उंदीर वायरी खातात. आठवड्याला एकदा
सुरू करून नुसता बसून राहा आत.
मी बसायची.

तिचा गुडघा गेला, मुलगा अमरावतीला घेऊन गेला.
रविवारी फोन येतो, बॅटरीचं पाणी बघितलंस?
मी सांगते, बघितलं.
या रविवारी काय सांगायचं ते
तू मला सुचवू शकणार नाहीस, तू सव्वीस वर्षांचा.

ठीक. काढ बाहेर.
कॅमेरा आहे म्हणतोस. असू दे.
कॅमेऱ्याला दगड दिसतो,
दगडाआड खेळणारं पोर दिसत नाही.
मागे कोणीतरी उभं असल्याशिवाय
ही गाडी रिव्हर्सला आजवर गेलेली नाही.

थांब, मी जाते.
सोसायटीचं गेट अरुंद आहे, डावीकडे गुप्तेंची स्कूटर.
ये. ये. अजून ये.
आरसा सांभाळ. ये.
(पत्र्यावर तळहात दोनदा.)
बास.