निवळ

लिलावात साठ डॉलरला उचललं हे टाकं:
लाल पत्रा, चार पाय, आत एक छोटा पंप
आणि नळीच्या टोकाला टक्कल पडलेला ब्रश.
गेलेल्या माणसाच्या मुलानं विचारलं, हे कशाचं असतं?
म्हटलं, यंत्रांची न्हाणी.
तो हसला नाही. खालचं खोकंही घेऊन जा, म्हणाला.

झाकण उचलून धरणाऱ्या दांडीत एक कडी आहे,
मऊ धातूची. आग लागली की ती वितळते
आणि झाकण धाडकन खाली पडतं,
जवळ कुणी नसलं तरी.
एवढा शहाणपणा मी दुसऱ्या कुठल्या वस्तूत पाहिला नाही,
आमच्या घराण्यात तर नाहीच.

आता यात ओतायचं काय?
पंप बुडायला निदान चाळीस लिटर हवं.
मी शाळेची बस चालवते. माझा पगार इथल्या बर्फासारखा,
दिसतो ढीगभर, वितळला की वाटीभर.

पेट्रोल सगळ्यात स्वस्त.
काजळी अशी सोडवतं की बघत राहावं.
मेट्रोकाका बघतच राहिला होता, एकोणसत्तर साली, तळघरात,
पाणी तापवायच्या बंबाची ज्योत चार हातांवर.
भुवया परत आल्या. डावा कान पहिल्यासारखा नाही आला.
त्यानंतर प्रत्येक लग्नाच्या फोटोत
तो अगदी डाव्या टोकाला, आडवा उभा.

डिझेल शेजारचा व्हर्नन वापरतो.
रविवारी चर्चच्या दारात त्याच्याशी हात मिळवला
की संध्याकाळच्या पेरोगीलाही ट्रॅक्टरची चव.
रॉकेल चाललं असतं,
पण कॅनोरात ते दिव्यांसाठी मिळतं,
एवढ्याशा बाटलीत, अत्तराच्या भावात.

मग ते जांभळं, पाण्यात मिसळायचं. पैशापासरी.
वास नाही, भडका नाही, हाताला गार लागतं,
दुकानातला लॉर्न शपथेवर सांगत होता.
लॉर्न, माझ्या गॅरेजात आज उणे एकतीस आहे.
त्यानं डब्यावरची बारीक अक्षरं पुन्हा वाचली,
ओठ हलवत, जरा वेळ.
"उन्हाळ्यात मस्त," म्हणाला.

उरलं मिनरल स्पिरिट.
चार लिटरचा डबा अठ्ठावीस डॉलर,
वीस लिटरची बादली शंभराला पाच कमी.
पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला,
बरोबर आला, पण परवडला नाही.
दोन बादल्या म्हणजे भाचीच्या स्नोमोबाइलचा नवा पट्टा.
आणि धुवायचा होता तिचाच कार्बुरेटर.

रात्री, गॅरेजचं दार अर्धं उघडं टाकून,
ते खोकं सोडलं.
काकडीच्या लोणच्याच्या अकरा मोठ्या बरण्या.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेन्सिलीनं तारीख:
मार्च, ऑगस्ट, पुन्हा मार्च, एकदा नुसतंच "पेट्रोच्या नांगरानंतर".
तळाला दोन बोटं काळा गाळ, लोण्यासारखा,
आणि वर, इतकं स्वच्छ
की पलीकडची पट्टी उलटी वाचता यावी.

बाहेर नेऊन, वाऱ्याकडे पाठ करून हुंगलं.
पेट्रोल नव्हे. मिनरल स्पिरिट, म्हातारं झालेलं.
म्हणजे तो फेकत नव्हता. धुवायचा, भरून ठेवायचा,
मग दुसरी कामं करायचा
हिवाळाभर.
मुलाला हे कधी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल,
मुलगा फोन बघत असेल.

बरणी तिरकी धरून हळूच ओतत गेले,
कॉफीच्या गाळणीतून, गाळ हलला की थांबत.
दहा बरण्यांत एकोणीस लिटर निघालं.
एकच बादली घेतली. लॉर्नला कारण सांगितलं नाही.

कार्बुरेटर आता पितळेच्या रंगाचा आहे जिथे पितळ आहे,
बाकी राखाडी. भाची म्हणते, सुरू होतो, पण खोकतो.
गाळ वेगळ्या डब्यात, वसंतात नगरपालिकेची गाडी येईल तेव्हा द्यायचा.

अकरावी बरणी उघडली नाही.
तिच्यावर तारीख नव्हती, पट्टी कोरीच होती.
पेन्सिल घेऊन उभी राहिले
आणि काय लिहावं ते सुचेना,
तेव्हा तशीच परत खोक्यात ठेवली.