काढताना

आज वारा ताशी शंभराच्या पुढे.
नगरपालिकेनं चौकात दोर बांधलेत,
ते धरत धरत माणसं दवाखान्यापर्यंत येतात,
टोपी खिशात, डोळे बारीक.
पुंता आरेनासमध्ये हवेचं कुणाला अप्रूप नाही.
पत्रे उचलते, कुत्री ढकलते,
बायकांच्या तोंडातलं वाक्य अर्ध्यावर पळवते.

मला धास्ती आहे ती
काही चमचे हवेची.

खाट सात. द्रागो मारुसिच, वय एकाहत्तर.
मानेत उजवीकडे नळी, तीन तोंडांची.
बारा दिवस तिथून औषध गेलं, मीठपाणी गेलं,
एका रात्री तर अख्खा माणूसच
तेवढ्याशा नळीला लोंबकळत होता.
आता ताप नाही. भूक आहे.
नळी नको.

घालताना चौघं होती:
झगे, मुखपट्ट्या, पडद्यावर शिरेचं काळं वर्तुळ,
सहीसाठी कागद.
काढायला मी एकटी.
काढण्यात काय आहे, असं सगळ्यांना वाटतं.
दोन टाके कापा, ओढा, पट्टी लावा.
मलाही वाटायचं.

दोन्या एर्मिनिया खिडकीपाशी खुर्चीत होत्या,
घरी जायचा कोट अंगात,
लेक गाडी आणायला खाली गेलेली.
“उठू नका, बसल्या बसल्याच काढते.”
मी म्हणाले. दुसरं कुणी नाही.
नळी सुटली आणि नेमका तेव्हाच त्यांनी
सुटकेचा म्हणतात तसा
खोल श्वास आत घेतला.
मानेशी बारीक आवाज झाला,
शीळ घालायला शिकणाऱ्या पोराच्या ओठांसारखा.
मग त्या कोटाचं बटण शोधत राहिल्या.
ते लावलेलंच होतं.
उजव्या हाताला ते पुढेही कधी सापडलं नाही.

म्हणून आता मी खाटेची कळ दाबते,
डोक्याकडची बाजू खाली जाते, खाली,
आणि द्रागो म्हातारा कुरकुरतो,
“डोकं खाली, तंगड्या वर! मी काय मेंढी आहे, नोल्फा?”

चाळीस वर्षं त्यानं लोकर कातरली,
या कुरणावरून त्या कुरणावर.
स्वतःच सांगू लागतो, उलटा पडल्या पडल्या:
मेंढीला आधी नीट बसवायचं.
तिचे खूर जमिनीवरून सुटले की ती भांडत नाही.
घाई केली की कातडी जाते.
आणि लोकर निघाली पाहिजे एकसंध,
तुकडे तुकडे करून आणली
तर मुकादम तोंडावर फेकायचा.

“बरं. आता गुणगुणा.”
“काय गुणगुणू?”
“काहीही. पण मध्ये थांबायचं नाही.”

(गुणगुणताना श्वास बाहेरच जातो.
तेवढा वेळ माणूस हवा आत ओढू शकत नाही.
हे मला पुस्तकातून कळलं होतं, एर्मिनियाबाईंच्या आधी.
माहीत होतं. तेच तर.)

तो कुठलंही गाणं घेत नाही.
एकच सूर लावतो, घोगरा, सपाट,
कातरयंत्राचा.
शेडमध्ये दिवसभर कानात घुमायचा तो.
त्या सुरावर मी नळी ओढते,
न थबकता, न हिसडता,
आणि बोळा दाबून धरते
जिथे ती होती.

सोळा सेंटिमीटर. टोक शाबूत.
त्याला दाखवते. तो तिरक्या डोळ्यानं बघतो,
मुकादमासारखा.
मान हलवायची नाही म्हणून पापणी हलवतो: चालेल.

पाच मिनिटं बोटं तिथंच.
बोटांखाली त्याचा सूर अजून थरथरतोय,
“आता थांबलात तरी चालेल,” म्हटलं
तरी थांबत नाही.
वर हवाबंद पट्टी, कडा चारदा चेपून.
वाऱ्याने तावदान धडधडतं.

“बसू का?”
“अर्धा तास आडवं.”
“अन् मग?”
मग बघू.
खुर्ची मी सकाळीच खोलीबाहेर नेऊन ठेवली आहे.