सदस्य देशी भाषेत बोलले

विधानभवनाच्या ग्रंथालयात मी जुने खंड शिवतो.
कंत्राटी. खंडामागे ठरलेले पैसे,
दोरा माझा, सरस माझा, डबा माझा.

सत्तावीस सालच्या खंडात,
वाळवीनं दया म्हणून सोडलेल्या पानावर
भेटले चिंधूजी हेडाऊ, पाचपावलीचे.
इंग्रजी छपाईत त्यांचं आडनाव तीन तऱ्हांचं,
एकदा तर चक्क हिंदू.

कोष्टी माणूस. एकसष्ट मतांनी निवडून आला.
जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला,
कौन्सिलच्या खुर्चीत पाय कुठं ठेवावे
ते त्याला कळेना म्हणतात.
म्हणतात म्हणजे आमचे हजारे दफ्तरी म्हणतात,
त्यांना त्यांच्या मामानं सांगितलं,
आणि मामा गप्पिष्ट होता, हेही तेच सांगतात.

सात वर्षं. एकोणचाळीस प्रश्न.
नळ गांजाखेतापाशीच काहून थांबला?
रात्रशाळेच्या कंदिलाचं तेल कोणत्या खात्यातून?
पटकीच्या साली माग किती बंद पडले,
सरकारास ठाऊक आहे काय?
उत्तर एकच: माहिती गोळा करणे चालू आहे.
उन्हाळ्यात सरकार पचमढीला जाई.
माहितीही जात असावी हवापालटाला.

मग त्यानं स्वतःच गोळा केली.
गल्लीगल्लीनं हिंडला,
बंद मागामागे सुतळीला एक गाठ,
आणि सुतळीच जोडली अर्जाला.
लाल शाईत शेरा आहे:
जोडपत्र विहित नमुन्यात नाही, सबब परत.

अंदाजपत्रकाच्या चर्चेत
तो अकरा वीसला उभा राहिला.
बारा वाजता बसला.
या चाळीस मिनिटांची छापलेली ओळ ही:
सदस्य देशी भाषेत बोलले.

बस. पुढं लगेच अर्थसचिव, साडेचार पानं.

लघुलेखक परमुलखातला असेल, त्याचा काय दोष.
पेन्सिल खाली ठेवून वर बघत बसला असेल
संथ हलणाऱ्या पंख्याकडे.
आणि पंखा मध्येच थांबला असेल.
बाहेर व्हरांड्यात दोरी ओढणाऱ्याला
सगळं कळत होतं.

मी त्या ओळीवर बोट ठेवून बसतो.
काय बोलला असेल?
भाषण नसेलच ते. सुतळी काढली असेल खिशातून,
गाठीगाठीनं वाचली असेल:
झिंगरू पौनीकर, एक माग.
सोमा निनावेची बायको, दोन,
एक तिचा, एक त्याचा.
फकिरा, वय चौदा, धोटा अजून हातात मावत नाही.
अध्यक्षांनी घंटी वाजवली असेल.
त्यानं ती मागाची खटखट समजून
पुढची गाठ धरली असेल.

तीसच्या निवडणुकीत अनामत गेली.
पुढच्या खंडांत तो नाही.
मेला तेव्हाही नाही,
तोवर तो माजी झालेला, ठराव कोण मांडणार.
हजारे म्हणतात, परत खड्ड्यात पाय सोडून बसला,
पातळांचे काठ विणत,
आणि कोणी मेंबरसाहेब म्हटलं की
मान वर न करता म्हणे, माहिती गोळा करून राहिलो जी.

हा खंड मी काल शिवून दिला.
नियमानं शेवटी एक गाठ लागते.
माझ्या हातून जास्त पडल्या,
किती ते मोजलं नाही.
साहेबांनी तो टेबलावर ठेवला, तळहातानं दाबला,
म्हणाले, याची पाठ फुगली आहे,
हा नीट मिटत नाही.