शीग

फुजैरा. टाकी क्रमांक सदतीस.
ऑगस्टातली दुपार, कठड्याला हात लागला तर हात कठड्याचा.
वाऱ्याकडे पाठ करून मी झाकण उघडतो,
पितळी ओळंब्याची फीत खाली सोडतो,
तेलाने तिला कुठवर ओलं केलं ते वाचतो
आणि शेजारीच उभ्या डांतेला ओरडून सांगतो.
पंपांच्या घरघरीत ओरडावंच लागतं.

मिलिमीटरची पिंपं होतात तक्त्यावर.
एका पिंपाचे बेचाळीस गॅलन,
एकशे अठ्ठावन्न लिटर आणि वर नऊशे सत्त्याऐंशी मिली,
तेही साठ अंश फॅरनहाइटला.
इतका गारवा इथे कुणी पाहिलाय?
पण कागदावर तेल थंड करावंच लागतं,
आणि थंड झालं की ते आक्रसतं:
लाखामागे दोन हजारांवर पिंपं जातात.
चोरी नाही, गळती नाही.
ती उन्हाची होती, उन्हाला परत.

टाकीतला गॅलन अमेरिकेचा.
आमच्या कॅम्पात पाण्याचा टँकर येतो
त्यातला गॅलन राणीचा, थोडा थोराड.
दोघांना एकाच नावाने हाक मारतात
आणि भांडण लिटरने सोडवतात.

माझे वडील देवरुखच्या बाजारात मापारी होते.
निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर,
अधोली, पायली: जिना उतरावा तसं ते मोजमाप
मी झोपेतही उतरून येईन.
पहिल्या पायलीला ते 'एक' म्हणत नसत.
'लाभ' म्हणत. मग दोन, मग तीन.
आणि प्रत्येक मापावर शीग,
तळहाताने न पुसलेली, आपसूक घसरेल तेवढी घसरू दिलेली.

काल जयवंताचा फोन आला.
माळा आवरला म्हणाला, पायली भंगारात दिली.
"किती भरली?"
"सव्वा किलो. आताशा लोखंडाला भाव कुठाय?"
मी विचारत होतो, तांदूळ किती मावायचा.
पाणी ओतून बघायचं होतंस रे,
एका बाटलीने, दोन बाटल्यांनी,
आकडा कळला असता.
बाजारची पायली वेगळी, देवळाची वेगळी,
आमचीचा तक्ता कुठल्याच कचेरीत नाही.
"इंटरनेटवर असेल की," जयवंत म्हणाला.
होता. चार ठिकाणी चार आकडे,
शीग एकातही नाही.

इथे माणसं पायलीला पन्नास, असं मुकादम
मल्याळीत काहीतरी म्हणतो ते मला तरी तसंच ऐकू येतं.
त्याच्याकडे पायली असणं शक्य नाही.

आज नवी पाळी, नवं जहाज.
फीत वर ओढली, फडक्याने पुसली,
पुन्हा सोडली. तोंडातून निघालं:
"लाभ."
डांतेचं पेन थांबलं. "हा कुठला आकडा?"
मी बोट वर केलं.
त्याने रकान्यात १ लिहिलं
आणि घाम पडून तो जरासा फुगला.