कोरा नमुना

दर नऊ फिल्टरांमागे एक
आम्ही कोराच पाठवतो.
त्याचंही वजन होतं, नंबर पडतो,
डबीत बसून तोही गोवंडीला जातो,
शाळेच्या गच्चीपर्यंत चार जिने चढतो,
यंत्राच्या तोंडात ठेवला जातो
आणि यंत्र सुरू न करताच
चिमट्याने परत उचलला जातो.
प्रवास सगळा. श्वास नाही.
त्याच्यावर काही सापडू नये,
एवढंच त्याचं काम.

गुरुवारी त्याच्यावर शिसं सापडलं.

आधी स्वतःचा संशय घेतला.
आम्लाची बाटली नवी उघडली,
काचेची भांडी रात्रभर भिजत घातली.
बांगड्या, टिकली, पावडरचा डबा
मी तशीही दाराबाहेरच्या खणात ठेवून येते.
माहीत असलेला नमुना यंत्राला दिला:
शंभराचे अठ्ठ्याण्णव सांगितले त्याने. प्रामाणिक.
मग नोंदवही.
शनिवार, सकाळी सहा पन्नास, सही ल. ग. ठोंबरे.

ठोंबरे आले तो पुढचा शनिवार.
"हातमोजे घातले होते मॅडम, आईशप्पथ."
कपाळावर शेंदूर.
उजव्या अंगठ्याच्या नखातही, बारीक, चंद्रकोरीएवढा.
नाक्यावरचा मारुती, अकरा वर्षं एक शनिवार चुकलेला नाही.
त्याच हाताने डावा मोजा ओढून घेतला असेल.
बास, तेवढंच.
शेंदरात शिसं असतं
हे सांगायला मला
दोन चहा लागले.

साहेब म्हणाले, कोऱ्यावरचं वजा करून टाका की.
वजा होतं ते रोजचं, ठरावीक, ओळखीचं.
हे कुठल्या फिल्टरला किती लागलं
ते मारुतीलाच माहीत.

नऊच्या नऊ रद्द.
त्यांत बुधवारची रात्र होती.
शाळेमागच्या गल्लीत जुन्या बॅटऱ्या वितळवतात,
हे नाकाला कळतं, कागदाला कळत नव्हतं.
दोन वर्षं मी त्या एका आकड्यासाठी
वारा फिरायची वाट बघत होते.
आला होता. चांगला तीन आकडी.
खराच असणार.

"म्हणजे त्या रात्री हवेत काही नव्हतं, असं धरायचं?"
ठोंबऱ्यांनी विचारलं.
नव्हतं असं नाही, म्हटलं,
आपल्याला माहीत नाही, असं.
ते बराच वेळ नखाकडे बघत बसले.
त्यांची धाकटी त्याच शाळेत आहे, चौथी ब,
हे मला तेव्हा कळलं.

हल्ली ते आधी गच्चीवर जातात, मग देवाला.

वहीत शाईनेच लिहायचं असतं.
खोडरबर नाही, पांढरा रंग नाही, पान फाडायचं नाही.
रद्द करायचं तर एकच आडवी रेघ,
बाजूला सही, तारीख,
आणि रेघेखालचा आकडा
वाचता आला पाहिजे.
तसा नियमच आहे.
मी रेघ अगदी बारीक मारली.